ग्रेडर कोणाचा? अणुवीज केंद्राच्या परवान्याचा सवाल



कापूस एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना हा लेख समजायला जड जाणार नाही. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे या राज्यात कापूस विकायचा तो सरकारी योजनेलाच, आणि त्याची प्रत ठरवायची ती योजनेच्याच ग्रेडरने. घेणारा तोच, पारखणाराही तोच. चांगला माल खालच्या प्रतीत टाकला, तर दाद मागायची कोणाकडे? ग्रेडर माणूस म्हणून वाईट होता असे नाही. पण ज्याच्या पगारावर घर चालते, त्याच्या तोट्याचा शेरा रोजच्या रोज लिहिणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आज हाच सवाल अणुवीज केंद्राच्या परवान्याबाबत विचारायचा आहे. केंद्र बांधणारा कोण, आणि ते सुरक्षित आहे असा शिक्का मारणारा कोण? तो ग्रेडर कोणाचा?

कळमेश्वरच्या कास्तकाराने संत्रा-कापसाची चिंता सोडून या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. कारण दोन गोष्टी घडल्या आहेत. ११ एप्रिल २०२५ रोजी महानिर्मितीने रशियाच्या रोसाटोम या सरकारी कंपनीशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. महानिर्मिती म्हणजे कोराडी आणि खापरखेडा चालवणारी, आपल्या शेजारची कंपनी. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा कायदा मंजूर करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाई कायदा, दोन्ही मोडीत काढले. अणुवीज आता खासगी कंपन्यांनाही खुली झाली. भट्टी उद्या कुठे बसेल ते पुढे ठरेल. पण परवाना देण्याची रीत आज ठरते आहे, आणि एकदा रीत बसली की गाव कोणतेही असो, तीच लागू होणार आहे.

आम्ही विजेच्या विरोधात नाही

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करू. ही चळवळ विज्ञानाच्या विरोधात कधी नव्हती. अणू म्हटले की थरथरणाऱ्यांपैकी आम्ही नाही. वीज आम्हाला हवी आहे. मध्यरात्री येणाऱ्या विजेसाठी साप-विंचवात पंपावर जाणारा माणूस विजेला नाही म्हणेल कसा? कोळशाची राख अंगणात घेऊन जगणाऱ्याला कोळशाचेही प्रेम नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येईल. लायसन्स-परमिट राजच्या विरोधात उभी हयात घालवणाऱ्यांनी परवान्याची बाजू घ्यायची? होय, घ्यायची. माझ्या वावरात मी काय पेरतो, माझा माल कुठे विकतो, त्यासाठी परवाना मागणे ही लूट आहे. पण माझ्या वावरातले पाणी तुझा धुरा फोडून तुझ्या पिकात शिरले, तर तो प्रश्न तुझाही होतो. ज्याची चूक दुसऱ्याच्या शिवारावर पडते, त्याने त्या दुसऱ्याला आधी उत्तर दिले पाहिजे. धुऱ्याचा हा न्याय गावात सगळ्यांना कळतो. दिल्लीत तो कळत नाही, एवढाच फरक.

वाऱ्याला धुरा नाही

अणूच्या बाबतीत धुरा देशाच्या सीमेवरही थांबत नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी त्यावेळच्या सोव्हिएत युनियनमधील चेर्नोबिलची भट्टी फुटली. तिथून दोन हजार किलोमीटरहून दूर, ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरांवर पाऊस पडला आणि त्या पावसाबरोबर सिझियम गवतावर उतरले. तिथल्या मेंढपाळांच्या मेंढ्या तपासल्याशिवाय विकायला बंदी आली. ती बंदी पूर्ण उठायला २०१२ साल उजाडले. सव्वीस वर्षे! त्या मेंढपाळांनी त्या भट्टीची वीज वापरली नव्हती, तिचा परवानाही दिला नव्हता.

११ मार्च २०११ नंतर जपानमध्ये फुकुशिमाला काय झाले? वावरात पडलेले धानाचे तणस जनावरांना घातले गेले आणि त्या वाटेने सिझियम गाईबैलांच्या मांसात पोचले. २०१२ पासून त्या जिल्ह्यातल्या तांदळाचे प्रत्येक पोते यंत्राखालून काढावे लागले. पोते स्वच्छ निघाले तरी गिऱ्हाईक नावानेच पळत होते. कास्तकाराचे नुकसान किरणांनी होते तेवढेच नावाच्या बदनामीनेही होते. नागपुरी संत्र्याच्या जागी तो माल ठेवून पाहा, म्हणजे कळेल.

म्हणूनच चेर्नोबिलनंतर देशांनी एकमेकांच्या सुरक्षेत लक्ष घालायचे ठरवले. १९९४ साली व्हिएन्नात अणुसुरक्षा करार झाला आणि १९९६ मध्ये तो अमलात आला. भारताने १९९४ सालीच सही केली, पण तो कायम करायला ३१ मार्च २००५ पर्यंत वेळ लावला. या करारात दर तीन वर्षांनी प्रत्येक देश आपला अहवाल मांडतो आणि बाकीचे देश त्याला प्रश्न विचारतात. दंड नाही, शिक्षा नाही. असते ती चार शेजाऱ्यांसमोर उत्तर देण्याची लाज. या कराराचे आठवे कलम सांगते की परवाना देणारी यंत्रणा ही अणुवीज वाढवणाऱ्या यंत्रणेपासून वेगळी असली पाहिजे. म्हणजे ग्रेडर खरेदीदाराचा नोकर नको! आपण बाजार समितीच्या ओट्यावर बसून जे म्हणत होतो, ते व्हिएन्नात कलम होऊन बसले आहे आणि भारत सरकारची त्याखाली सही आहे.

इशारा आला, फाईलीत गेला

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे परदेशवाऱ्या आणि मेजवान्या, असे समजू नका. त्यात जीव वाचवणारी माहिती असते. पण माहिती नुसती येऊन भागत नाही, तिच्यावर काम करायला भाग पाडणारा कोणी लागतो.

उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याचे उदाहरण घ्या. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आगीत केबली जळाल्या आणि सतरा तास अख्खे केंद्र विजेविना राहिले. वीज तयार करणारे केंद्र, आणि आत मिट्ट काळोख! कामगारांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून भट्टी शांत ठेवणारे बोरॉनचे पाणी हाताने सोडले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, तो त्या कामगारांमुळे.

आता पुढचे ऐका. ज्या परदेशी कंपनीच्या आराखड्यावरून ती टर्बाइन घडली होती, तिने १९८९ सालीच कळवले होते की अशा पात्यांना तडे जातात, ती बदला. सुधारित नकाशेही तयार झाले होते. पाती बदलली नाहीत. दुसरा धडा त्याहून जुना. १९७५ साली अमेरिकेतल्या ब्राऊन्स फेरी केंद्राला आग लागली तेव्हाच जगाला कळले होते की मुख्य आणि राखीव केबली एकाच वाटेने नेऊ नयेत. नरोऱ्यात त्या एकाच वाटेने गेल्या होत्या. म्हणजे एक इशारा चार वर्षे जुना, दुसरा अठरा वर्षे जुना. जगाने सांगितले, आपण ऐकले नाही, कारण आपल्याला ऐकायला लावणारा कोणी नव्हता.

स्विच आणि फ्यूज एकाच तारेवर

आता आपल्या राज्यात या. रत्नागिरी जिल्ह्यात माडबनला जैतापूर प्रकल्प. फ्रान्सच्या ईपीआर जातीच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. त्याचा पर्यावरण अहवाल आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने केला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यावर केंद्र सरकारची मंजुरी मिळाली.

त्याच्या एक वर्ष आधी, २ नोव्हेंबर २००९ रोजी, फ्रान्स, फिनलंड आणि ब्रिटन या तीन देशांच्या अणुसुरक्षा यंत्रणांनी एकत्र पत्रक काढले होते. ते म्हणाले, या भट्टीची रोज चालवायची यंत्रणा आणि बिघाड झाला तर वाचवायची यंत्रणा एकमेकींत फार गुंतलेल्या आहेत, त्या वेगळ्या करा. आपल्या भाषेत सांगायचे तर पंपाचा स्विच आणि फ्यूज एकाच तारेवर. ती तार जळाली की दोन्ही गेले. कंपनीला बदल करावे लागले. ब्रिटनने या भट्टीच्या आराखड्याची पाच वर्षे परीक्षा घेतली, उरलेल्या हरकती जाहीर छापल्या आणि त्या मिटल्यावर डिसेंबर २०१२ मध्ये आराखडा मंजूर केला. २०१५ साली फ्रान्सच्या यंत्रणेने जाहीर केले की फ्लामाव्हिलच्या भट्टीच्या पोलादात कार्बन जास्त निघाला आहे, आणि पुढे तिचे झाकण बदलण्याची अट घातली. ते केंद्र २००७ मध्ये सुरू होऊन २०१२ मध्ये पुरे व्हायचे होते. त्यातून ग्रीडला वीज मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च ३३० कोटी युरोवरून १,३२० कोटी युरोवर गेला.

हे आम्ही फ्रान्सला हिणवण्यासाठी सांगत नाही. उलट सांगतो आहोत. पोलादात खोट निघाली हे तिथल्या ग्रेडरने स्वतः, उघडपणे, आपल्याच देशाच्या कंपनीविरुद्ध सांगितले. ग्रेडर असावा तर असा!

आणि माडबनला काय झाले? तिथल्या लोकांच्या वाट्याला आधी भूसंपादनाच्या नोटिसा आल्या, मग मोर्चे, मग पोलीस. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे इथे गोळीबारात एक मच्छीमार मारला गेला. फुकुशिमाला तेव्हा सव्वा महिनाही झाला नव्हता. तीन देशांनी जे आक्षेप जाहीर छापले, ते मराठीत करून ग्रामसभेपुढे ठेवावेत ही अक्कल सरकारला सुचली नाही. २०१२ साली आपले अणुऊर्जा नियामक मंडळ नव्या भट्ट्यांचे आराखडे मिळून तपासणाऱ्या देशांच्या गटात सामील झाले. चांगले झाले. म्हणजे फ्रान्स, फिनलंड, ब्रिटनच्या यंत्रणांच्या पंगतीला आपले अधिकारी बसले. पण त्या पंगतीतले ताट गावापर्यंत कधी आले?

परदेशी शिक्का चालतो, परदेशी बियाणे चालत नाही

आता नवे वारे आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२२ साली छोट्या भट्ट्यांसाठी सर्व देशांचे नियम जुळवण्याचा उपक्रम सुरू केला. एका देशाने तपासलेला आराखडा दुसऱ्याने पहिल्यापासून तपासू नये, वेळ वाचावा, पैसा वाचावा, हा हेतू. हेतू वाईट नाही. तीन शहाण्यांनी केलेले गणित चौथ्याने फेकून देऊ नये. पण यातून कंपन्यांना हवा आहे तो शिक्का, आणि आपल्याला हवे आहेत ते प्रश्न. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आठवा बीटी कापूस. अमेरिकेत १९९६ साली तो वावरात गेला. आपल्या कास्तकाराने मागितला तेव्हा दिल्लीने सांगितले, इथली माती वेगळी, हवामान वेगळे, इथे चाचण्या झाल्याच पाहिजेत. मंजुरी मिळाली २६ मार्च २००२ ला. तोवर बोंडअळीने किती घरे खाल्ली, ते आपण पाहिले आहे. आणि आज भट्टीची गोष्ट निघाली की तेच लोक सांगतात, परदेशात चालते आहे ना, मग शंका कशाला? बियाण्याला माती वेगळी लागते आणि भट्टीला लागत नाही? भट्टीला थंड पाणी लागते. २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्येच नद्यांचे पाणी तापले म्हणून भट्ट्यांची वीज कमी करावी लागली. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि नदीचे वाळवंट होते. हा प्रश्न पॅरिसचा किंवा मॉस्कोचा शिक्का सोडवणार नाही. तो इथेच, इथल्या पाण्याकडे पाहून विचारावा लागेल.

आपल्या ग्रेडरची कुंडली

आपले अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झाले. तारापूर १९६९ पासून चालू होते. म्हणजे भट्टी आधी, ग्रेडर चौदा वर्षांनी. आणि हे मंडळ उत्तर देणार अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचा अध्यक्ष कोण? अणुऊर्जा खात्याचा सचिव. भट्ट्या बांधणारे महामंडळ कोणाच्या हाताखाली? त्याच खात्याच्या. एकाधिकार खरेदीची नक्कल याहून हुबेहूब करता आली नसती.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉ. ए. गोपालकृष्णन पद सोडल्यावर हेच जाहीरपणे सांगत राहिले. ऑगस्ट २०१२ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापालांच्या अहवालाने मंडळाला दुय्यम दर्जाचे म्हटले आणि दाखवून दिले की काही गुन्ह्यांना दंड आहे जास्तीत जास्त ५०० रुपये. पाचशे रुपये! मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे पथक तपासणीला आले. मंडळाच्या कामाचे त्यांनी कौतुकही केले, पण शिफारस केली की त्याचे स्वातंत्र्य कायद्यातच बांधा. त्यासाठी २०११ मध्ये आणलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबर विझून गेले होते.

आता २०२५ च्या कायद्याने मंडळाला कायद्याचा दर्जा दिला. हे पाऊल पुढचे आहे, ते मान्य करू. पण मंडळाचे सदस्य निवडणारी समिती नेमणार कोण? पुन्हा अणुऊर्जा आयोग! ग्रेडरला नवा गणवेश मिळाला, नेमणारा मालक तोच राहिला. त्याच कायद्याने सरकारला माहिती 'प्रतिबंधित' ठरवून माहितीच्या अधिकाराबाहेर ठेवण्याची मुभा दिली. आणि सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून वसुली करण्याचा जो हक्क २०१० च्या कायद्यात होता, तो काढून टाकला. करारात लिहिला असेल किंवा कोणी मुद्दाम अपघात घडवला असेल, तरच वसुली. सर्वांत मोठ्या भट्टीच्या मालकाची जबाबदारी ३,००० कोटी रुपयांवर थांबते. फुकुशिमाच्या टेपको कंपनीला दहा लाख कोटी येनहून जास्त भरपाई द्यावी लागली आहे. रुपयांत ती पाच लाख कोटींच्या वर जाते. उरलेले कोणाच्या वावरातून निघणार, ते सांगायला नको.

यंत्र पुरवणाऱ्याला खोटीची किंमत मोजायची नाही. चालवणाऱ्याच्या जबाबदारीला मर्यादा आहे. मग कास्तकाराच्या आणि अपघाताच्या मध्ये उभा कोण? फक्त परवाना देणारा. म्हणून तो कोणाचा, हा सवाल आहे.

जपाननेही हीच चूक केली होती. तिथली तपासणी यंत्रणा ज्या मंत्रालयाखाली होती, तेच मंत्रालय अणुवीज वाढवत होते. २०१२ साली जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने सांगितले की फुकुशिमाचा अपघात मानवनिर्मित होता आणि सरकार, नियामक, कंपनी यांची मिलीभगत त्याच्या मुळाशी होती. जपानने जुनी यंत्रणा मोडून नवी उभारली, पण गावे उठल्यावर.

एवढे दूर कशाला जायचे? जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राख शिवारात, नाल्यात पसरली. वीज कंपनी राज्य सरकारची, प्रदूषण नियंत्रण मंडळही राज्य सरकारचे. ही तर साधी राख होती, डोळ्यांना दिसते, हाताने उचलता येते. जी दिसत नाही, वास येत नाही, त्या गोष्टीचा पहारा आपण याच रीतीने सोपवणार आहोत का?

जिल्हा मेळाव्यापुढे ठराव

'शेतकऱ्याला अणूतले काय कळते?' हे उत्तर तयार असेलच. त्यांना सांगा, कापसातले ग्रेडरपेक्षा आम्हाला जास्त कळत होते, तरी ऐकले नाही. आम्ही भट्टीचे गणित मागत नाही. गणित तपासणारा मोकळा आहे का, एवढेच विचारतो आहोत. ते कळायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. म्हणून नागपूर जिल्हा मेळाव्यात पुढील मागण्यांचा ठराव मांडावा:

१. नियामक मंडळाचे सदस्य निवडणारी समिती अणुऊर्जा आयोगाने नेमू नये. तीत विरोधी पक्षाचे आणि न्यायव्यवस्थेचे प्रतिनिधी असावेत.

२. परदेशी नियामकांनी एखाद्या आराखड्यावर घेतलेला प्रत्येक आक्षेप आणि त्याला मिळालेले उत्तर जागेच्या मंजुरीपूर्वी मराठीत, ग्रामसभेपुढे वाचले जावे.

३. त्याच जातीच्या भट्टीवर कुठल्याही देशात सुरक्षेचा आक्षेप शिल्लक असेल, तर इथला परवाना तो मिटेपर्यंत थांबावा.

४. भट्टी येण्यापूर्वी त्या परिसरातली माती, पाणी, दूध आणि पिके यांची तपासणी सरकारबाहेरच्या प्रयोगशाळेत व्हावी, दरवर्षी पुन्हा व्हावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

५. सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून वसुलीचा हक्क कायद्यात परत यावा.

यातली एकही मागणी विज्ञानाच्या विरोधात नाही, विजेच्या विरोधात नाही. व्हिएन्नाच्या करारावर भारताने केलेल्या सहीचा अर्थच आम्ही मराठीत मागतो आहोत. जगाशी सहकार्य करायचे असेल तर पूर्ण करा. त्यांचा शिक्का घेता, तर त्यांचा उघडेपणाही घ्या.

हा अंक गावात वाचून दाखवा. ठरावावर ग्रामसभेच्या सह्या घ्या आणि मेळाव्याला येताना तो कागद सोबत आणा.